विश्लेषण : देश विकणारा की लोकशाहीचा जनक? सिक्कीमच्या काझींची गोष्ट

दरवर्षी १६ मे रोजी सिक्कीम राज्य स्थापना दिन साजरा करते. १९७५ मध्ये याच दिवशी नामग्याल घराण्याची तीन शतकांहून जुनी राजवट संपली आणि सिक्कीम भारताचे २२वे राज्य झाले. हा बदल ज्या नेत्याच्या नावाशी जोडला जातो, ते म्हणजे काझी लेंडुप दोर्जी खांगसर्पा. भारताने त्यांना पद्मविभूषण दिले. शेजारच्या नेपाळमध्ये मात्र विरोधकाला देशद्रोही ठरवायचे असेल तर आजही त्याला ‘लेंडुप दोर्जी’ म्हणतात. एकाच माणसाविषयी इतकी टोकाची मते का? आणि ज्या मताच्या हक्कासाठी ते आयुष्यभर भांडले, त्याच मताने त्यांना घरी का बसवले?

काझी लेंडुप दोर्जी कोण होते?

त्यांचा जन्म १९०४ मध्ये पूर्व सिक्कीममधील पाक्योंग येथे लेपचा समाजातील मातब्बर घराण्यात झाला. सिक्कीममध्ये ‘काझी’ हा जमीनदार सरदारांचा किताब. धर्माशी किंवा न्यायदानाशी त्याचा संबंध नाही. सहाव्या वर्षी लेंडुप दोर्जींना रुमटेकच्या बौद्ध मठात पाठवण्यात आले. पुढे आठ वर्षे ते या मठाचे प्रमुख लामाही होते. नंतर त्यांनी मठ सोडला आणि ते सामाजिक कामात, मग राजकारणात उतरले. म्हणजे जन्माने सरदार, शिक्षणाने लामा आणि राजकारण मात्र सरदारकीच्या विरोधात, असा हा प्रवास होता.

त्यांचा लढा कशासाठी होता?

त्या काळच्या सिक्कीममध्ये जमीन राजाची, तिची व्यवस्था काझी आणि ठेकेदारांकडे आणि राबणारी रयत बहुतांशी नेपाळीभाषक. एकाच प्रकारच्या जमिनीवर नेपाळी शेतकऱ्याला भुतिया-लेपचा शेतकऱ्यापेक्षा जास्त सारा भरावा लागे. त्याशिवाय वेठबिगारी होती. ‘झारलांगी’ आणि ‘काळोभारी’ हे शब्द सिक्कीमच्या जुन्या पिढीला आजही ठाऊक आहेत. तिबेटकडे जाणारा माल डांबर लावलेल्या काळ्या वेष्टनात बांधून रयतेच्या पाठीवर लादला जाई, तो काळोभारी. नकार देण्याची सोय नव्हती.

आपल्याकडे सांगली, औंध, कोल्हापूर या संस्थानांत प्रजा परिषदेची चळवळ जोरात होती, त्याच सुमारास, १९४५ मध्ये, काझींनी ‘सिक्कीम प्रजा मंडळ’ स्थापन केले. डिसेंबर १९४७ मध्ये अशा तीन गटांच्या एकत्रीकरणातून ‘सिक्कीम स्टेट काँग्रेस’ उभी राहिली. तिच्या मागण्या तीनच होत्या : जमीनदारी संपवा, लोकांचे हंगामी सरकार नेमा आणि सिक्कीम भारतात विलीन करा. विलीनीकरणाची मागणी १९७५ च्या २८ वर्षे आधीच झाली होती, ही बाब पुढच्या वादात अनेकदा विसरली जाते.

मग १९४७ मध्येच विलीनीकरण का झाले नाही?

कारण तेव्हा दिल्लीलाच ते नको होते. पंडित नेहरूंनी सिक्कीमला इतर संस्थानांपेक्षा वेगळे प्रकरण मानले. तिबेट आणि चीनच्या सीमेवरील या चिमुकल्या राज्यात गडबड नको, हा विचार त्यामागे होता. मे १९४९ मध्ये आंदोलनानंतर स्टेट काँग्रेसच्या ताशी त्शेरिंग यांचे सरकार आले. ते अवघे २९ दिवस टिकले. अराजक माजण्याची भीती दाखवून भारताच्या राजकीय अधिकाऱ्यानेच ते बरखास्त केले आणि कारभार दिल्लीने पाठवलेल्या दिवाणाकडे गेला. डिसेंबर १९५० च्या करारानुसार सिक्कीम भारताचे संरक्षित राज्य झाले. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण भारताकडे, अंतर्गत कारभार राजाकडे, अशी ही विभागणी होती.

यानंतरच्या निवडणुका नावापुरत्या होत्या. नेपाळी समाज लोकसंख्येच्या सुमारे तीन चतुर्थांश होता, पण निवडून येणाऱ्या जागा भुतिया-लेपचा आणि नेपाळी यांच्यात निम्म्या-निम्म्या वाटलेल्या होत्या. त्यावर राजाने नेमलेले सदस्य वेगळे. निवडणूक कोणीही जिंकली तरी सत्ता राजवाड्यातच राहील, याची व्यवस्था अशी पक्की होती. काझी १९५३ ते १९५८ या काळात स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष होते. १९६० च्या सुमारास त्यांनी ‘सिक्कीम नॅशनल काँग्रेस’ काढली. ‘एक व्यक्ती, एक मत’ हा या पक्षाचा मुख्य आग्रह होता. स्वतः अल्पसंख्य लेपचा असलेला नेता बहुसंख्य नेपाळींच्या बाजूने बोलत होता, हे त्यांच्या राजकारणाचे बळ होते आणि पुढे तेच त्यांच्यावरच्या रोषाचेही कारण झाले.

या टप्प्यावर त्यांच्या पत्नीचा उल्लेख टाळता येत नाही. एलिसा मारिया लँगफर्ड-रे या युरोपीय वंशाच्या बाई ‘काझिनी’ म्हणून ओळखल्या जात. कालिम्पाँगच्या घरातून राजवाड्याविरुद्ध पत्रके काढणे आणि पत्रकारांना माहिती पुरवणे ही आघाडी त्या सांभाळत. तिकडे राजपुत्र आणि नंतरचे चोग्याल, म्हणजे धर्मराजा, पाल्देन थोंडुप नामग्याल यांनी १९६३ मध्ये होप कुक या अमेरिकी तरुणीशी विवाह केला होता. सिक्कीमच्या स्वतंत्र ओळखीबद्दल होप कुक उघडपणे लिहीत. त्यामुळे दिल्लीत संशय वाढत गेला.

१९७३ मध्ये असे काय घडले?

त्या वर्षीच्या निवडणुकीत राजनिष्ठ नॅशनल पार्टीला बहुमत मिळाले आणि मतमोजणीत घोटाळा झाल्याचा आरोप झाला. एप्रिलमध्ये चोग्याल यांच्या पन्नाशीचा सोहळा चालू असतानाच हजारो लोक गंगटोकच्या रस्त्यांवर उतरले. पोलिसांना परिस्थिती आवरेना. अखेर चोग्याल यांनीच भारताची मदत मागितली. ८ मे १९७३ रोजी भारत सरकार, चोग्याल आणि राजकीय पक्ष यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. त्यात प्रौढ मताधिकार आणि एक व्यक्ती, एक मत हे तत्त्व मान्य झाले.

त्यानुसार एप्रिल १९७४ मध्ये निवडणूक झाली. काझींच्या नेतृत्वाखालील सिक्कीम काँग्रेसने ३२ पैकी ३१ जागा जिंकल्या. जुलैमध्ये काझी मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी संसदेने ३५वी घटनादुरुस्ती करून सिक्कीमला ‘सहयोगी राज्य’ असा आगळा दर्जा दिला.

विलीनीकरण नेमके कसे झाले?

येथून घटना फार वेगाने घडल्या. ९ एप्रिल १९७५ रोजी भारतीय लष्कराने राजवाड्याच्या रक्षक दलाला निःशस्त्र केले. त्यात एक रक्षक मरण पावला. १० एप्रिलला विधानसभेने राजपद रद्द करून भारताचा घटक होण्याचा ठराव केला. १४ एप्रिलला त्यावर सार्वमत झाले. ठरावाच्या बाजूने ५९,६३७ आणि विरोधात १,४९६ मते पडली. ३६वी घटनादुरुस्ती संसदेत मंजूर झाली आणि १६ मे रोजी विलीनीकरण पूर्ण झाले. काझी भारतातील नव्या राज्याचे पहिले मुख्यमंत्री ठरले.

आक्षेप काय आहेत?

मुख्य आक्षेप तीन. पहिला वेळेचा. डोंगराळ, रस्ते नसलेल्या प्रदेशात ठरावानंतर चौथ्याच दिवशी मतदान झाले. दुसरा प्रश्नाचा. राजपद नको आणि भारतात विलीन व्हायचे, या दोन वेगळ्या गोष्टींवर मिळून एकच कौल मागितला गेला. राजा नको पण स्वतंत्र ओळख हवी, असे वाटणाऱ्याला पर्यायच नव्हता. तिसरा आक्षेप दिल्लीच्या हाताचा. पत्रकार सुनंद दत्त-रे यांनी १९८४ मध्ये पुस्तक लिहून या प्रक्रियेवर कठोर टीका केली. पुढे ‘रॉ’चे माजी अधिकारी जी. बी. एस. सिधू यांनीही आपल्या पुस्तकात राजाविरोधी चळवळीला यंत्रणेने कशी मदत केली, हे सविस्तर सांगितले.

मात्र दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. वेठबिगारी, दुजाभावाचा सारा आणि मतांची विषम किंमत या गोष्टी कोणत्याही गुप्तचर यंत्रणेने तयार केल्या नव्हत्या. लोकांचा राग आधीपासून होता. १९४९ मध्ये दिल्लीने तो दाबला आणि १९७३ मध्ये त्याच रागाला बळ दिले. मधल्या काळात १९६२ चे युद्ध आणि १९६७ ची नथुलाची चकमक झाली होती, त्यामुळे दिल्लीचे हिशेब बदलले होते. काझींची मागणी जुनीच होती.

काझींचा पराभव का झाला?

मुख्यमंत्री असताना काझी आधी काँग्रेसमध्ये गेले आणि १९७७ मध्ये केंद्रात सत्ताबदल होताच जनता पक्षात सामील झाले. पुढच्याच वर्षी त्याच पक्षाचे पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी सिक्कीमचे विलीनीकरण चुकीचे होते, पण आता ते मागे घेता येणार नाही, असे मत व्यक्त केले. ज्या निर्णयासाठी काझींनी सगळे पणाला लावले होते, तोच त्यांच्या नेत्याने असा मोडीत काढला. त्यांच्या सरकारने आणलेला जमीनधारणेचा कायदाही प्रत्यक्षात फारसा उतरला नाही. त्यातच १९७९ च्या निवडणुकीआधी नेपाळी समाजाच्या राखीव जागा गेल्या. ज्या समाजाच्या जिवावर ते निवडून आले होते, तोच दुरावला.

विलीनीकरणाला विरोध करून तुरुंगात गेलेले नर बहादूर भंडारी यांनी काझींनी सिक्कीम विकल्याचा प्रचार केला. ऑक्टोबर १९७९ मध्ये भंडारींच्या पक्षाला १६ जागा मिळाल्या. काझींच्या पक्षाला एकही मिळाली नाही, काझी स्वतःही हरले. पाच वर्षांत ३१ वरून शून्यावर! सत्तेत आल्यावर भंडारींनीही विलीनीकरण उलटवण्याचा प्रयत्न केला नाही. उलट पुढे ते काँग्रेसमध्येच गेले.

काझी कालिम्पाँगला परतले. १९९० मध्ये काझिनींचे निधन झाले. एकेकाळी पायघड्या घालणाऱ्या दिल्लीत आता दुय्यम नेत्यांच्या भेटीसाठीही ताटकळावे लागते, अशी खंत त्यांनी उतारवयातील मुलाखतींत बोलून दाखवली. २००२ मध्ये पद्मविभूषण आणि २००४ मध्ये ‘सिक्कीम रत्न’ हे सन्मान त्यांना मिळाले. जुलै २००७ मध्ये, वयाच्या १०३व्या वर्षी, त्यांचे कालिम्पाँग येथे निधन झाले.

आज याचे महत्त्व काय?

विलीनीकरणाच्या वेळी राज्यघटनेत आलेल्या ३७१ एफ या अनुच्छेदाने सिक्कीमचे जुने कायदे जपले. भुतिया-लेपचांच्या जमिनीचे संरक्षण आणि मूळ सिक्कीमी रहिवाशांची प्राप्तिकरातील सवलत याच्याशी जोडलेली आहे. म्हणून ‘सिक्कीमी कोण’ हा प्रश्न तेथे आजही नाजूक आहे. जानेवारी २०२३ मध्ये प्राप्तिकराच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सिक्कीमी नेपाळींचा उल्लेख परदेशी मूळ असलेले असा केला, तेव्हा राज्यभर निदर्शने झाली आणि न्यायालयाने तो उल्लेख वगळला.

आणखी एक वारसा मतपेटीत दिसतो. भंडारींनी १९८९ मध्ये ३२ पैकी ३२ जागा जिंकल्या आणि १९९४ मध्ये सत्ता गमावली. पवनकुमार चामलिंग यांनी २००९ मध्ये सर्व ३२ जागा जिंकल्या. २०२४ मध्ये त्यांचा पक्ष एका जागेवर आला आणि ते स्वतः दोन्ही मतदारसंघांत हरले. त्या निवडणुकीत प्रेमसिंग तमांग यांच्या पक्षाला मिळाल्या ३२ पैकी ३१ जागा, म्हणजे १९७४ मध्ये काझींच्या पक्षाला मिळाल्या होत्या तितक्याच.

काझींना देशद्रोही म्हणायचे की लोकशाहीचे जनक, यावर सिक्कीममध्ये आजही एकमत नाही. पण १९७४ पूर्वी तेथील मतदार राजवाड्याला हलवू शकत नव्हता. १९७९ मध्ये त्याने खुद्द काझींना हटवले. त्यानंतर कोणत्याही नेत्याला ही सवय मोडता आलेली नाही.