परसातले पाहुणे

मंडळी, कपिलधारचे नाव बीड जिल्ह्यात कोणाला ठाऊक नाही? बालाघाटच्या रांगेतली ती घळ, पावसाळ्यात कड्यावरून कोसळणारी धार आणि संत मन्मथस्वामींची समाधी. कार्तिकी पौर्णिमेला तिथे माणसांची दाटी होते. पाखरांना मात्र पौर्णिमा लागत नाही. ती येतात पाण्यासाठी. पाऊस सरला, डोंगरावरचे गवत पिवळे पडले, ओढे आटले, की पाखरे गावाकडे, आपल्या परसाकडे वळू लागतात. त्यांना तिथे थांबवावे कसे नि ओळखावे कसे, तेवढेच आज सांगायचे आहे.

पाखराला तीन गोष्टी हव्या असतात : पाणी, आडोसा आणि चारा. आपण बहुधा मूठभर ज्वारी टाकतो नि पुण्य पदरी पडले असे समजतो. पण आपल्या कोरडवाहू मुलखात पहिला मान पाण्याचा.

कोणी म्हणेल, "अहो, चैत्र-वैशाखात आम्हीच टँकरची वाट बघत बसतो, आणि पाखरांना पाणी कुठून पाजायचे?" म्हणणे खोटे नाही. डोक्यावर हंडे वाहणाऱ्या बाईला पाण्याचे मोल शिकवायला नको. पण हिशेब करून पाहा. दिवसाला एक तांब्या पुरतो. भाजी धुतलेले पाणीही चालते. साबणाचे किंवा मिठाचे तेवढे नको.

मातीचे पसरट परळ घ्यावे, नाहीतर फुटक्या माठाचे बूड. कडेला पाणी बोटभर नि मध्ये दोन-तीन बोटे, याहून खोल नको. मध्ये एक खडबडीत दगड ठेवावा, म्हणजे लहान पाखराला पाय टेकता येतो. परळ सावलीत ठेवा. जवळ बोरीचे किंवा मेंदीचे झुडूप असावे, पण ते चार-पाच हात दूर. अगदी लगत असले तर त्याच्या आड मांजर दबा धरून बसते. पाणी रोज बदला, आठवड्यातून एकदा परळ राखेने घासा. डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठवडाभर तरी लागतो; पाणी रोज ओतून दिले तर ती भीती उरत नाही.

आता पाहुण्यांची ओळख. पहाटे गोड शीळ घालतो तो काळा-पांढरा दयाळ. डोक्यावर तुरा नि शेपटीखाली लाल, तो बुलबुल. गलका करीत टोळीने पाचोळा उकरतात ते सातभाई. रुंद पान दुमडून ते कापसाच्या धाग्याने शिवणारा शिंपी तर आपल्या मुलखाचाच कारागीर म्हणावा. शेवग्याच्या फुलांवर चकाकणारा शिंजीर येतो. त्याच शेवग्याच्या वाळक्या फांदीत भोक कोरून तांबट घर करतो. म्हणून वाळकी फांदी दिसली की लगेच कुऱ्हाड उचलू नका.

काही पाहुणे ऋतूचे. थंडीच्या तोंडाशी शेपूट थरथरवीत दगडी गडग्यावर बसतो तो थिरथिरा. मृगाच्या सुमारास चातक येतो, थेट आफ्रिकेतून समुद्र ओलांडून. आणि आपली अंडी घालतो सातभाईंच्या घरट्यात! पावसाआधी 'पेर्ते व्हा' म्हणून सांगणारा पावशा तर शेतकऱ्याचा जुना सोबती.

"आणि आमची ज्वारी खातात त्यांचे काय?" हाही प्रश्न रास्त आहे. हुरड्यात आलेल्या कणसांवर भोरड्यांचा थवा उतरला की माळ्यावर गोफण घेऊन उभे राहावेच लागते. ते नुकसान खरे आहे. पण मध्य आशियातून येणारी हीच भोरडी नाकतोडे नि टोळही फस्त करते. चिमणी दाणे खाते, पण पिलांना ती अळ्या-किडेच भरवते. पिकावरून थवा हुसकावणे निराळे आणि दारात आलेल्या पाखराला बेचकीने पाडणे निराळे. परसातल्या वांग्या-भेंडीवर उठसूट विषारी औषध फवारू नका. अळीबरोबर अळी खाणाऱ्याचेही जेवण संपते, आणि पुढच्या वर्षी फवारणारे एकटे तुम्हीच उरता. पोपट धरून पिंजऱ्यात कोंडणे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

गुरुजी नि बाई, आपल्याला वेगळी विनंती. शाळेच्या आवारात एक परळ आणि वर्गात एक वही ठेवा. तारीख, वेळ, पाखरू आणि ते काय करीत होते, एवढेच चार रकाने. नाव ठाऊक नसेल तर चोच, शेपूट, रंग लिहू द्या. नाव मागाहून सापडते. सुरुवातीला मुहूर्तही चांगला आहे. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर. २०२० पासून महाराष्ट्रात हे दिवस पक्षी सप्ताह म्हणून पाळले जातात. हिवाळी पाहुणे तोवर येऊन पोचलेले असतात. दोन-तीन वर्षे वही चालली, की थिरथिरा यंदा कधी आला नि गेल्या साली कधी, ते मुलेच तुम्हाला सांगतील.

पाटोदा तालुक्यात नायगावला मोरांसाठी १९९४ साली अभयारण्य झाले. ते काम सरकारचे. दयाळ-बुलबुलांना एवढे मोठे रान लागत नाही. त्यांना एक परळ, एक बोर नि थोडी निर्भयता पुरे. ते काम तुमचे-आमचे. उद्या सकाळी चूल पेटवण्याआधी परळात तांब्याभर पाणी ओता आणि चार-आठ दिवस धीर धरा. पाखराला जागा पारखायला वेळ लागतो. मग मात्र ते रोज येईल, आणि एखाद दिवशी आले नाही तर तुम्हीच दारात उभे राहून त्याची वाट पाहाल.