लशीनंतर अँटिबॉडी किती काळ टिकतात? रिपोर्टमधला आकडा घसरला की संरक्षण संपतं का?

2021 मध्ये कोव्हिड लशीचे दोन डोस झाल्यावर अनेकांनी लॅबमध्ये जाऊन अँटिबॉडी टेस्ट करून घेतली. रिपोर्टचे फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडायचे. कुणाचा आकडा हजारात, तर कुणाचा शंभरच्याही आत. काही महिन्यांनी पुन्हा टेस्ट केल्यावर आकडा निम्म्यावर दिसला की प्रश्न ठरलेला: म्हणजे लशीचा असर गेला का?

अँटिबॉडी कमी होणं अपेक्षितच असतं. पण म्हणून सगळं संरक्षण संपलं असं होत नाही.

अँटिबॉडी कमी का होतात?

लस घेतल्यावर शरीरातल्या काही बी पेशींचं रूपांतर प्लाझ्मा पेशींमध्ये होतं आणि त्या अँटिबॉडी बनवू लागतात. यातल्या बहुतेक पेशी अल्पायुषी असतात. रक्तातल्या आयजीजी अँटिबॉडीही साधारण तीन आठवड्यांत निम्म्या होतात. त्यामुळे दुसऱ्या डोसनंतर काही आठवड्यांत पातळी शिखरावर जाते आणि मग उतरते, आधी झपाट्याने, नंतर सावकाश. सावकाश अशासाठी, की काही प्लाझ्मा पेशी अस्थिमज्जेत मुक्काम ठोकतात आणि थोड्या थोड्या अँटिबॉडी बनवत राहतात. प्रत्येक सर्दी-तापाच्या अँटिबॉडी शिखरावरच राहिल्या असत्या, तर रक्तात दुसऱ्या कशाला जागाच उरली नसती.

मग संरक्षण किती महिने?

इथे दोन प्रश्न एकत्र केले जातात आणि गोंधळ होतो. लागणच होणार नाही का, हा एक. लागण झाली तर आजार गंभीर होईल का, हा दुसरा.

कतारमध्ये फायझरची लस घेतलेल्यांचा 2021 मध्ये अभ्यास झाला. लागण रोखण्याची क्षमता दुसऱ्या डोसनंतरच्या पहिल्या महिन्यात 77.5 टक्के होती. पाचव्या ते सातव्या महिन्यात ती 20 टक्क्यांच्या आसपास आली. गंभीर आजार आणि मृत्यूपासूनचं संरक्षण मात्र सहा महिने जवळपास 96 टक्क्यांवर टिकून होतं.

लस तीच, मग एवढा फरक का? विषाणू नाक आणि घशात शिरतो तेव्हा त्याला तिथल्या तिथे अडवायला अँटिबॉडी आधीपासून तयार लागतात. त्या कमी असतील तर लागण होते. पण आजार फुप्फुसांपर्यंत जाऊन गंभीर व्हायला बहुतेक वेळा आठवडाभर तरी लागतो. तेवढ्या वेळात मेमरी बी पेशी जुना शत्रू ओळखून नव्या अँटिबॉडी बनवतात आणि टी पेशी संसर्ग झालेल्या पेशी मारतात. यातलं काहीच लॅबच्या त्या रिपोर्टमध्ये दिसत नाही.

ओमिक्रॉनने गणित आणखी बदललं. त्याच्या स्पाइक प्रोटीनमध्ये 30 हून अधिक बदल होते, त्यामुळे जुन्या अँटिबॉडी त्याला नीट चिकटत नव्हत्या. इंग्लंडमधल्या आकडेवारीनुसार, लक्षणं दिसणाऱ्या ओमिक्रॉनपासून फायझरच्या दोन डोसचं संरक्षण सुरुवातीला 65.5 टक्के होतं, ते 25 आठवड्यांनंतर 8.8 टक्क्यांवर आलं. आपल्याकडची कोव्हिशील्ड म्हणजे मूळची अॅस्ट्राझेनेकाची लस. तिच्या दोन डोसचा असा परिणाम 20 आठवड्यांनंतर दिसलाच नाही.

जानेवारी 2022 मध्ये मुंबईत दिवसाला 20 हजारांवर रुग्ण सापडले, त्यात दोन्ही डोस झालेलेही होते. तरी ऑक्सिजन बेडसाठी एप्रिल 2021 सारखी धावपळ झाली नाही. ओमिक्रॉन तुलनेने सौम्य होता हे खरंच, पण लस आणि आधीच्या संसर्गातून आलेली प्रतिकारशक्तीही कामी आली. त्याच महिन्यात भारतात आरोग्य कर्मचारी, फ्रंटलाइन कर्मचारी आणि सहव्याधी असलेल्या ज्येष्ठांना प्रिकॉशन डोस सुरू झाला. दुसऱ्या डोसनंतरचं अंतर आधी नऊ महिने होतं, जुलै 2022 मध्ये ते सहा महिन्यांवर आणलं गेलं.

अँटिबॉडी टेस्ट करावी का?

फक्त लशीचा असर तपासायला करू नका, असं अमेरिकेच्या एफडीएने मे 2021 मध्येच सांगितलं होतं. अमुक आकड्याच्या वर सुरक्षित आणि खाली धोका, अशी सर्वमान्य रेषाच ठरलेली नाही. शिवाय कोव्हिशील्ड शरीराला फक्त स्पाइक प्रोटीन ओळखायला शिकवते. काही टेस्ट मात्र विषाणूच्या न्यूक्लिओकॅप्सिड या दुसऱ्याच प्रोटीनच्या अँटिबॉडी शोधतात. कोव्हिड न झालेल्या, दोन्ही डोस घेतलेल्या माणसाने अशी टेस्ट केली तर रिपोर्ट निगेटिव्ह येणारच. लस चांगली काम करत असली तरीही.

काळजी घ्यायची ती वयोवृद्धांनी, अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी आणि कर्करोगाचे उपचार घेणाऱ्यांनी. त्यांच्यात लशीचा प्रतिसाद मुळातच कमी असू शकतो. बूस्टर कधी घ्यायचा हे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावं, लॅबच्या आकड्यावरून ठरवू नये.