तोतया आणि आपली ओळख

दुसऱ्याची ओळख चोरणाऱ्यासाठी मराठीला नवा शब्द घडविण्याचे कारण नाही. ‘तोतया’ हा शब्द आपल्यापाशी आहेच. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचे नाव धारण केलेला एक इसम १७७६ साली रत्नागिरीच्या कैदेतून सुटला आणि त्याने कोकणातील किल्ले घेतले. त्या वेळी आपले पेडणे व डिचोली हे महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडे होते. म्हणजे हे बंड आपल्या शेजारचेच. चेहऱ्याचे साम्य त्याला उपयोगी पडले हे खरे. परंतु भाऊसाहेब परत यावेत ही लोकांची उत्कट इच्छा त्याहून अधिक उपयोगी पडली. त्याच वर्षी पुण्यात त्याला देहदंड झाला.

आजच्या तोतयाला चेहराही लागत नाही. आपला मोबाइल क्रमांक आणि कुठल्यातरी दुकानात निष्काळजीपणे ठेवून आलेली आधारकार्डाची झेरॉक्स त्याला पुरते. इच्छा, भीती आणि ममता मात्र त्याला आजही आपल्याकडूनच मिळवावी लागते. बोटीवर नोकरीस असलेल्या मुलाचा आवाज यंत्राने हुबेहूब काढता येतो. गणवेशातील ‘अधिकारी’ व्हिडिओवर येऊन ‘डिजिटल अरेस्ट’ झाल्याचे सांगतो. अशी अटक भारतीय कायद्यात नाहीच. पण शिकलेला मनुष्य कागदी भाषेला अधिक भितो, असे माझे मत आहे.

ओटीपी ही आपली सही होय, आणि कोऱ्या कागदावर सही करू नये हे आपल्या आजोबांना ठाऊक होते. खोट्या दस्तऐवजांनी जमिनी बळकावल्याच्या तपासासाठी गोवा सरकारला २०२२ मध्ये विशेष पथक नेमावे लागले, हे आपण पाहिलेच आहे. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी नव्हे. पैसे घेण्यासाठी जो पिन मागेल, तो तोतया समजावा. गुप्त अंक खातेदाराने स्वतःच सांगितले, तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचेच, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ साली स्पष्ट केले होते.

म्हणून फोन ठेवावा आणि मुलाला त्याच्या नेहमीच्या क्रमांकावर आपण स्वतः विचारावे. पैसे गेलेच, तर लाजेने घरच्यांपासून लपवू नये. लबाड ती रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात भराभर हलवितो; ती वाटेत गोठविता येते ती पहिल्या काही तासांतच. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, व्यवहाराचा क्रमांक व वेळ हाताशी ठेवावी, बँकेला खाते थांबविण्यास सांगावे आणि मग पोलीस ठाण्याची वाट धरावी.