पावसाळी कावीळ आणि एका आकड्याची मोजणी

उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या रायगड किनारपट्टीवर पावसाळ्यात ताप आणि कावीळ घेऊन येणाऱ्या रुग्णाबाबत डॉक्टरांपुढे जे पर्याय असतात, त्यांपैकी दोन वेळीच वेगळे ओळखणे विशेष महत्त्वाचे ठरते. पहिला पर्याय लेप्टोस्पायरोसिसचा. उंदरांच्या आणि गुराढोरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात व चिखलात उतरणारे जिवाणू पायांच्या भेगांतून आणि जखमांतून शरीरात शिरल्याने हा रोग होतो. लावणीसाठी दिवसभर खाचरात उभे राहणाऱ्यांना त्याचा धोका असतो, तसाच सावित्रीच्या पुराने महाडमध्ये २००५ आणि २०२१ च्या जुलैत झाले त्याप्रमाणे घरात पाणी शिरल्यावर चिखल उपसणाऱ्यांनाही असतो. दुसरा पर्याय दूषित पिण्याच्या पाण्यातून पसरणाऱ्या अ किंवा ई विषाणूच्या काविळीचा. पहिल्या रोगात प्रतिजैविके लवकर सुरू करावी लागतात आणि मूत्रपिंडांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते. दुसऱ्यावर प्रतिजैविकांचा काहीच उपयोग नसतो.

प्रतिद्रव्यांच्या चाचणीचा निकाल हाती येईपर्यंत या दोहोंतला फरक सुचवणारी एक साधी खूण रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत मिळते. विषाणूच्या काविळीत यकृतातील पेशी मोठ्या प्रमाणावर फुटतात आणि त्यांच्यातील एसजीपीटी हे विकर, म्हणजे एन्झाइम, रक्तात सांडून त्याचा आकडा हजारांच्या घरात जाऊ शकतो. लेप्टोस्पायरोसिसमध्ये मात्र बिलिरुबिन, म्हणजे काविळीचे पिवळे रंगद्रव्य, खूप वाढलेले असूनही एसजीपीटी सहसा त्या मानाने बेताचाच वाढतो. ‘बिलिरुबिन भरपूर, एसजीपीटी बेताचा’ हा नमुना दिसला की अनुभवी डॉक्टरांच्या मनात लेप्टोची शंका येते. ही शंका जितकी मोलाची, तितकीच ती त्या एका आकड्याच्या खरेपणावर अवलंबून असते, आणि तो आकडा खोटा ठरण्याच्या वाटा प्रयोगशाळेबाहेर फारशा कोणाला ठाऊक नसतात.

साखर किंवा बिलिरुबिन मोजताना त्या पदार्थाचे रक्तातील प्रमाण मोजले जाते. विकराचे तसे नसते. रक्तजलात, म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटणाऱ्या सीरममध्ये, एसजीपीटीचे प्रमाण वजनाने इतके अल्प असते की नेहमीच्या तपासणीत ते मोजले जात नाही. मोजला जातो तो त्याच्या कामाचा वेग. एका मिनिटात एक मायक्रोमोल पदार्थाचे रूपांतर घडवून आणणारी विकराची मात्रा म्हणजे एक युनिट, आणि अहवालावरील ‘४० युनिट प्रति लिटर’ याचा अर्थ असा की ठरावीक परिस्थितीत त्या व्यक्तीच्या एक लिटर रक्तजलाने दर मिनिटाला ४० मायक्रोमोल पदार्थ रूपांतरित केला असता. ‘ठरावीक परिस्थितीत’ हे दोन शब्द अहवालावर छापलेले नसतात, परंतु सगळा अर्थ त्यांत साठलेला असतो. तापमान, आम्लता, कच्च्या मालाचे प्रमाण आणि वाचनाची वेळ यांपैकी काहीही बदलले तर रक्त तेच राहूनही आकडा बदलतो.

हा वेग डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो दिसेल अशी युक्ती योजावी लागते. एसजीपीटी हे विकर अलानिन या अमिनो आम्लातील अमिनो गट काढून तो २-ऑक्सोग्लुटारेट या पदार्थाला देते, आणि या देवघेवीतून पायरुव्हेट तयार होते. पायरुव्हेटला रंग नसतो. पण मिश्रणात एलडीएच हे दुसरे विकर आणि एनएडीएच हा सहपदार्थ मुद्दाम घालून ठेवला, तर तयार होणारे पायरुव्हेट लागलीच वापरले जाते आणि प्रत्येक रेणूमागे एनएडीएचचा एक रेणू खर्ची पडतो. एनएडीएच ३४० नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश शोषतो आणि खर्ची पडल्यावर तो गुण गमावतो, त्यामुळे मिश्रणाची प्रकाश शोषण्याची क्षमता ज्या वेगाने घटते, त्यावरून मूळ विकराचा वेग कळतो. ओटो वारबुर्ग यांनी १९३० च्या दशकात रुजवलेल्या या प्रकाशीय पद्धतीचा आधार घेऊन आर्थर कारमेन यांनी १९५५ मध्ये मानवी रक्तजलातील या गटाच्या विकरांची मोजणी मांडली, आणि आज तालुक्याच्या गावातील सेमी-ऑटो ॲनालायझरवर होणारी एसजीपीटीची तपासणीही मुळात तीच आहे.

या यंत्रांवर काम करणाऱ्या तंत्रज्ञांना १७६८ हा आकडा पाठ असतो. एक मिलिलिटर रिएजंटमध्ये, म्हणजे क्रियेसाठी तयार केलेल्या द्रावणात, ०.१ मिलिलिटर रक्तजल घातले, तर रक्तजल ११ पट पातळ होते; एनएडीएचच्या एका मिलिमोल प्रति लिटर द्रावणाची एक सेंटिमीटर जाडीतील शोषकता ६.२२ असते, ११ भागिले ६.२२ गुणिले १,००० केले की १७६८ येतात. शोषकता दर मिनिटाला ०.०२० ने घटली तर एसजीपीटी ३५ युनिट ठरतो. या गुणाकारात एक गोष्ट दडलेली आहे: वाचनात केवळ ०.००१ ची चूक झाली, तरी अहवालात जवळजवळ दोन युनिटांचा फरक पडतो. क्युवेटच्या, म्हणजे मोजणीच्या पारदर्शक पात्राच्या, भिंतीवरचा ओला ठसा किंवा मिश्रणातील हवेचा बुडबुडा इतकी चूक सहज करतो.

मोजणी अनुकूलित करणे म्हणजे मिश्रणातील प्रत्येक गोष्ट इतकी मुबलक आणि इतकी स्थिर ठेवणे, की वेगावर मर्यादा घालणारा घटक रुग्णाच्या रक्तातील विकर हा एकच उरावा. लेओनोर मिखाएलिस आणि मॉड मेंटेन यांनी १९१३ मध्ये मांडलेल्या समीकरणाने यासाठी वाट दाखवली. विकर ज्या पदार्थावर काम करते तो क्रियाधार. त्याचे ज्या प्रमाणावर विकराचा वेग कमाल वेगाच्या निम्मा असतो, त्याच्या दहापट क्रियाधार दिला तरी वेग कमाल वेगाच्या सुमारे ९१ टक्केच होतो, आणि ९९ टक्क्यांसाठी सुमारे शंभरपट द्यावा लागतो. सगळेच पदार्थ शंभरपट ओतता येत नाहीत, कारण काहींचा अतिरेक स्वतःच विकराला अडवतो. म्हणून क्लिनिकल केमिस्ट्रीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने एसजीपीटीसाठी ठरवलेल्या संदर्भपद्धतीत अलानिन ५०० मिलिमोल प्रति लिटर इतके भरघोस आहे, कारण या विकराची त्याच्याशी ओढ क्षीण असते, तर २-ऑक्सोग्लुटारेट केवळ १५ मिलिमोल आहे. साहाय्यक विकर एलडीएच १,७०० युनिट प्रति लिटर घातले जाते, जेणेकरून पायरुव्हेट तयार झाल्याबरोबर उचलले जावे आणि ही दुसरी पायरी कधीही अडथळा ठरू नये. आम्लता ७.१५ वर बांधलेली असते, तापमान ३७ अंशांवर.

याच पद्धतीत पायरिडॉक्सल फॉस्फेट, म्हणजे ब-६ जीवनसत्त्वाचे कार्यक्षम रूप, ०.१ मिलिमोल घालावे असेही सांगितले आहे. एसजीपीटीला कामासाठी हा जोडीदार लागतो, आणि रक्तजलातील या विकराचा काही भाग जोडीदाराविना निष्क्रिय पडून असतो. रिएजंटमधून तो पुरवला की हा भागही कामाला लागतो. बाजारातील अनेक किटमध्ये मात्र तो नसतो. त्यामुळे कुपोषित किंवा मूत्रपिंडाच्या जुन्या रुग्णाचे तेच रक्त दोन प्रयोगशाळांत दोन आकडे दाखवू शकते आणि दोन्ही प्रयोगशाळा आपापल्या परीने बरोबर असतात. ही त्रुटी काही पैशांच्या पदार्थामुळे राहून जाते, याचे वाईट वाटावे अशीच स्थिती आहे.

तापमानाचा मुद्दा किनारपट्टीवर नेहमी जाणवतो. एसजीपीटीचा वेग ३० अंशांवरून ३७ अंशांवर गेल्यास साधारण एक तृतीयांशाहून अधिक वाढतो, म्हणजे दर अंशामागे सुमारे पाच टक्के. ॲनालायझरचे क्युवेट ३७ अंशांवर असले तरी फ्रिजमधून नुकताच काढलेला रिएजंट त्यात पडला आणि घाईने वाचन सुरू झाले, तर मिश्रण तीन अंश थंड असतानाच मोजणी उरकते आणि ४० चा आकडा ३४–३५ वर येतो. रिएजंट आधी गरम करून घेण्याचा नियम कंटाळवाणा वाटतो, पण वीज जाऊन-येऊन असलेल्या दिवसांत तो सर्वांत आधी मोडला जातो. खाऱ्या, दमट हवेचाही उपद्रव होतो. एनएडीएच ओलाव्याने आणि आम्लतेने नासतो, त्यामुळे झाकण नीट न लावलेल्या रिएजंटची सुरुवातीची शोषकता घटत जाते. ती किटच्या पत्रकातील मर्यादेखाली उतरली की बाटली टाकून देणे हाच मार्ग उरतो, मग ती अर्धी भरलेली असली तरी.

परंतु या लेखाच्या सुरुवातीच्या प्रश्नाशी सर्वांत जवळचा धोका वेळेचा आहे. क्रिया सुरू होताच तिचा वेग स्थिर नसतो. रक्तजलात आधीपासून असलेले थोडे पायरुव्हेट प्रथम वापरले जाते आणि विकर आपल्या लयीत येण्यास अवधी घेते, म्हणून पहिले मिनिट सोडून पुढच्या दोन-तीन मिनिटांत वाचन घेण्याची रीत आहे. निरोगी किंवा साधारण रुग्णासाठी ती योग्यच असते. आता विषाणूच्या काविळीचा असा रुग्ण घ्यावा की ज्याचा खरा एसजीपीटी ५,००० युनिट आहे. रक्तजल ११ पट पातळ झाल्यावर मिश्रणातील वेग दर मिनिटाला सुमारे ४५५ मायक्रोमोल प्रति लिटर होतो, आणि मिश्रणात एनएडीएच असतो तो १८० मायक्रोमोल. म्हणजे सगळा एनएडीएच २४ सेकंदांत संपतो. यंत्र साठाव्या सेकंदाला वाचन सुरू करते तेव्हा शोषकता तळाला गेलेली, सपाट झालेली असते. तिच्यात बदल होत नाही, म्हणून यंत्र आकडा दाखवते तो अगदी लहान. विकर भरपूर असल्यामुळेच ते जवळजवळ नाही असे दिसते.

अशा रुग्णाचे बिलिरुबिन वाढलेले असणार, आणि एसजीपीटी बेताचा लिहिला जाणार. हा नमुना हुबेहूब लेप्टोस्पायरोसिसचा आहे. विषाणूची कावीळ लेप्टोसारखी भासवणारी ही चूक निष्काळजीपणाशिवायही घडू शकते, पद्धतशीरपणे काम करूनही घडू शकते, आणि म्हणूनच ती अधिक काळजीने ओळखायला हवी. तिची खूण यंत्रात असते: वाचनाच्या आरंभीची शोषकता कोऱ्या रिएजंटच्या मानाने फारच कमी असणे. स्वयंचलित यंत्रे तशी सूचना देतात. जुन्या सेमी-ऑटो यंत्रावर ती तंत्रज्ञालाच पाहावी लागते. पडद्यावर आरंभीचा आकडा एकच्या आसपास असायला हवा आणि तो ०.२ दिसला, तर रक्तजल सलाइनने दहापट पातळ करून पुन्हा मोजावे आणि उत्तर दहाने गुणावे, एवढाच उपाय आहे. ते रक्तजल काविळीने गडद पिवळे दिसत असेल तर यंत्राने काहीही म्हटले तरी एकदा पातळ करून पाहण्याची सवय असलेला तंत्रज्ञ त्या गावाचा मोठा आधार असतो.

नळी यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच काही चुका घडून गेलेल्या असतात. तांबड्या पेशींत एसजीओटी हे भावंड-विकर रक्तद्रवाच्या सुमारे ४० पट आणि एलडीएच त्याहूनही कितीतरी अधिक असते, त्यामुळे बारीक सुईने जोराने ओढलेले किंवा खडबडीत रस्त्याने हादरत आलेले रक्त फुटून रक्तजल गुलाबी झाले की हे आकडे खोटेच चढतात. एसजीपीटीवर त्याचा परिणाम कमी होतो. जांभळ्या टोपणाच्या नळीतील ईडीटीए जस्त आणि मॅग्नेशियम बांधून ठेवतो आणि या धातूंवाचून अल्कलाइन फॉस्फटेज निपचित पडते. लेप्टोमध्ये स्नायूंना झालेली इजा सांगणारे सीपीके हे विकर हवेने आपला गुण गमावते, तो परत मिळवण्यासाठी त्याच्या रिएजंटमध्ये एन-असिटिल सिस्टीन घालावे लागते. बर्फात ठेवले की सगळे टिकते ही समजूतही पूर्ण खरी नाही. यकृतातील एलडीएचचा प्रकार थंडीतच अधिक नासतो. दिघीहून आगरदांड्याच्या फेरीबोटीने किंवा श्रीवर्धनहून घाटवळणांनी दूरच्या प्रयोगशाळेकडे जाणाऱ्या नळीतून रक्तजल आधीच वेगळे काढून पाठवावे, असे सांगण्यामागे ही कारणे आहेत.

मोजमापाला अडथळ्यांपासून दूर ठेवण्याचे याहून प्रसिद्ध उदाहरण याच किनाऱ्यावर उभे आहे. मुंबईतील कुलाबा वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद होत असे. शहरात विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने सूक्ष्म उपकरणे बिघडणार, हे दिसू लागल्यावर संचालक नानाभॉय मूस यांच्या काळात हे काम अलिबागला हलवण्यात आले. तेथील इमारतींत लोखंड टाळून चुंबकत्व नसलेला दगड निवडला गेला आणि उपकरणांच्या खोलीतील तापमानाचा चढउतार कमी राहील अशी रचना केली गेली. विकराच्या क्युवेटभोवती ३७ अंशांचे कवच असते त्यामागचा विचार हाच आहे.

प्रयोगशाळांनी अलिबागकडून घ्यावी अशी अधिक मोलाची गोष्ट मात्र वेगळीच आहे. किटची कंपनी बदलली किंवा पायरिडॉक्सल फॉस्फेट असलेली पद्धत स्वीकारली की नव्या आकड्यांची तुलना जुन्या आकड्यांशी थेट करता येत नाही, आणि तरीही पुष्कळ ठिकाणी सोमवारी जुनी बाटली संपते व मंगळवारी नवी उघडली जाते, मधला दुवा न जुळवता. ज्या रुग्णाचे यकृत महिनोन्महिने तपासले जात आहे, त्याच्या फायलीत त्या दिवशी एक खोटी पायरी तयार होते. ती टाळण्यासाठी निदान २०–३० रक्तजले, काही निरोगी, काही मध्यम, काही हजारांच्या घरातील, जुन्या आणि नव्या दोन्ही किटवर एकाच दिवशी मोजून दोहोंतील गुणोत्तर लिहून ठेवावे लागते आणि नंतरच जुनी पद्धत सोडावी लागते. कुलाब्याची उपकरणे १९०४ मध्ये अलिबाग सुरू झाल्याबरोबर बंद करण्यात आली नव्हती. १९०६ पर्यंत, सुमारे दोन वर्षे, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या आणि त्यामुळेच दोन्ही ठिकाणांच्या नोंदी आज एकाच सलग मालिकेसारख्या वाचता येतात.