सुरीचं मशीन आणि ब्लाउजची माया

मुंबईतल्या नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. त्यातही खिडकीजवळची जागा बऱ्याच घरांत पायमशीनची. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, पगार थांबले, आणि तोवर घरची झबली-परकर शिवणारी कितीतरी मशीनं बाहेरचे ब्लाउज शिवू लागली. अशा मशीनशेजारी आता ओव्हरलॉकही घ्यावं का, हा प्रश्न येतोच. गिऱ्हाईक ब्लाउज उलटा करून बघतं, आणि आत दशा सुटलेल्या दिसल्या की पैसे देताना हात आखडतो.

अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये मेरो कुटुंबाच्या होजिअरी कारखान्यात १८८१ च्या सुमारास ओव्हरलॉक यंत्र आकाराला आलं. त्याला बॉबिन नाही. वर सुई, आत दोन लूपर आणि सुईच्या पुढ्यात सुरी. कापड सरकलं की सुरी कड छाटते आणि लूपरचे धागे त्या कडेवर जाळी विणतात. तीन धाग्यांचं मशीन मुख्यतः कड बांधतं. चार धाग्यांचं, दुसऱ्या सुईमुळे, त्याच फेरीत पक्की जोडशिलाईही घालतं. धागा मात्र इतका खातं, की छोटी रिळं परवडत नाहीत, कोनच लागतात. टी-शर्ट, लेगिंगसाठी याला पर्याय नाही. साधी शिलाई ताणली की तुटते, ही कापडाबरोबर ताणली जाते.

ब्लाउजचं गणित वेगळं. आपल्याकडे बगलेपासून कमरेपर्यंत इंच-दीड इंच माया ठेवतात. अंग भरलं की उसवून सैल करायला. जोडणं आणि छाटणं एकदमच केलं, तर सुरी नेमकी तीच माया खाणार. म्हणून आधी सुट्या तुकड्यांच्या कडा ओव्हरलॉक करायच्या आणि मग पायमशीनवर जोडायचे. चेन, पायपिंगही जुन्याच मशीनवर. थोडक्यात, नवं आलं तरी जुनं हलत नाही, आणि जागा दोघांना लागते. (गांधीजींनी १९२४ मध्ये यंत्रांवर टीका करताना सिंगरच्या शिलाई मशीनचा अपवाद केला होता. त्यांना १६० फुटांत दोन मशीनं मांडायची नव्हती.)

आठवड्याला चार-पाच ब्लाउज शिवणाऱ्या बाईने हे घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत. हिंदमाताच्या बाजूला फॉल-पिकोवाले ओव्हरलॉकही करून देतात, आणि सुती कापडाला विजेच्या घरगुती मशीनचा झिगझॅग पुरतो. गाऊन, परकर, शाळेचे गणवेश डझनाने शिवणारीची गोष्ट निराळी. तिचा वाचलेला वेळच मशीनची किंमत फेडतो. तिने देशी, लोखंडी, मोटरवरचं तीन धाग्यांचं घ्यावं. आवाज करतं, तेल मागतं, पण दणकट असतं आणि दुरुस्तीला कारागीर मिळतो. घरगुती चार धाग्यांचं हलकं, काम झालं की पोटमाळ्यावर जातं. कातरण आणि कापडाचा भुसा दोन्हींचा उडतो, आणि चाळीत स्वयंपाकाचा ओटा हातभरावर असतो. चाळींच्या पुनर्विकासातलं ५०० चौरस फुटांचं घर ज्यांना मिळेल, त्यांची ही अडचण तरी सुटेल.

दुकानात जाताना होजिअरीचा, जॉर्जेटचा आणि जाड गणवेशाचा तुकडा बरोबर न्यावा. तिथेच एकदा सगळे धागे काढून मशीन स्वतः ओवून बघावं. कोन बदलताना जुन्या धाग्याला नवा गाठ मारून ओढता येतो. पण मध्येच धागा तुटला की खालचा लूपर वाकून, चिमट्याने ओवावा लागतो, आणि सुई सगळ्यांत शेवटी.