शिफारसपत्र कोणाकडून घ्यायचं? प्राचार्यांकडून की प्रोजेक्ट पाहणाऱ्या मॅडमकडून?

परदेशात मास्टर्सला जायचं ठरलं की अमरावती-अकोल्याच्या घरात हमखास एक प्रश्न निघतो, "आपल्या ओळखीत मोठं कोण आहे?" मग कोणी संस्थेच्या अध्यक्षांचं नाव काढतं, कोणी थेट आमदारांचं. लेटरहेड भारी असतं, पण पोरानं लॅबमध्ये काय केलं हे त्यांना कुठे माहीत असतं? प्रवेश समिती तर नेमकं तेच शोधत असते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं उदाहरण घ्या. १९१३ ते १९१६ या काळात ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. तिथले त्यांचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी १९२० मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे प्रा. हर्बर्ट फॉक्सवेल यांना पत्र लिहून त्यांची शिफारस केली. सेलिग्मन स्वतः नामवंत होतेच, पण त्यांनी या विद्यार्थ्याचं काम जवळून पाहिलं होतं.

हाच हिशोब आजही लागू पडतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून एमएस्सी केलेल्यासाठी पहिलं नाव त्याच्या गाइडचं. इंजिनीअरिंगवाल्यांसाठी फायनल इयरचा प्रोजेक्ट पाहणाऱ्या मॅडम, भले त्या साध्या असिस्टंट प्रोफेसर असोत. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तीन पत्रं लागतात. नोकरी करत असाल तर त्यातलं एक मॅनेजरचं चालतं.

खरी अडचण पुढे येते. "तूच लिहून आण, मी सही करतो," हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. पण एकाच हातानं लिहिलेली तीन पत्रं वाचणाऱ्याच्या लक्षात येतात. त्यापेक्षा सरांना एक पानभर टिपण द्या: मार्क, प्रोजेक्ट, कुठे अडलं आणि ते कसं सोडवलं. पत्र त्यांनाच लिहू द्या.

पत्र अपलोड करायची लिंक थेट सरांच्या ईमेलवर जाते. अनेक विद्यापीठांना कॉलेजचा अधिकृत ईमेल लागतो, जीमेल चालत नाही. सरांकडे तो आहे का, हे आधीच विचारा.

अमेरिकेतल्या बऱ्याच अर्जांची मुदत डिसेंबरच्या आसपास संपते. इकडे संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षांची गडबडही साधारण त्याच सुमारास असते. म्हणून दिवाळीच्या आधीच सरांना भेटा. ते "बघू" म्हणाले तर तो नकार समजा आणि दुसऱ्यांना विचारा.