नॉर्थ कॅरोलिना रॅम्बलर्स : ध्वनिमुद्रिकेतील ‘जुने’ संगीत

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील ग्रामीण संगीताच्या ज्या ध्वनिमुद्रिका १९२० नंतरच्या दशकात निघाल्या, त्यांना लोकपरंपरेचा अविकृत पुरावा मानण्याचा प्रघात आहे. पुढे कंट्री संगीत या नावाने ओळखल्या गेलेल्या या प्रवाहातील एका अल्पायुषी वाद्यवृंदाचा इतिहास पाहिला असता, हा प्रघात कितपत ग्राह्य धरावा, असा प्रश्न उपस्थित होतो.

वृंदाचा प्रमुख चार्ली पूल (१८९२–१९३१) हा नॉर्थ कॅरोलिनातील स्प्रे या गिरणगावातला कापडगिरणी कामगार होता. चेंडू हातमोज्याविना झेलण्याच्या पैजेत त्याच्या उजव्या हाताला जी इजा झाली, तिच्याशी त्याच्या तीन बोटांनी बँजो छेडण्याच्या धाटणीचा संबंध जोडतात. कथा मनोरंजक आहे. तथापि फ्रेड व्हॅन एप्स या शहरी बँजोवादकाच्या तबकड्या पूलने लक्षपूर्वक ऐकल्या होत्या, ही बाब अभ्यासकाला अधिक महत्त्वाची वाटली पाहिजे.

२७ जुलै १९२५ रोजी पूल, त्याचा मेहुणा पोझी रोरर (फिडल) आणि नॉर्मन वुडलीफ (गिटार) यांनी न्यूयॉर्क येथे कोलंबिया कंपनीसाठी चार गीते मुद्रित केली. मोबदला ७५ डॉलर. ‘डोन्ट लेट युवर डील गो डाउन’ हे गीत असलेल्या तबकडीचा खप मात्र एक लाखाच्या वर गेला. १९२६ पासून वुडलीफच्या जागी रॉय हार्वे हा रेल्वे कामगार आला आणि या त्रिकुटाची बांधणी पक्की झाली : फिडलवर मुख्य चाल, गिटारवर खर्जातील स्वरांची धाव, आणि दोहोंमधून वाहणारा बँजो.

या वृंदाच्या गीतांपैकी कित्येकांचे मूळ डोंगरदऱ्यांत नसून १९०० च्या आगेमागे शहरी प्रकाशकांनी छापून विकलेल्या भावगीतांत आहे. पूल त्यांतील कडवी गाळी, शब्द बदली, आणि गाणे आपलेसे करी. म्हणजे नगरात रचलेले गीत गिरणगावात मुरले आणि पुन्हा न्यूयॉर्कला जाऊन ग्रामीण माल म्हणून विक्रीस आले. कोलंबियाच्या मालिकेचे नाव ‘परिचित चाली, जुन्या आणि नव्या’ अशा अर्थाचे होते. त्यातील ‘नव्या’ या शब्दाकडे पुढील संग्राहकांनी सोयीस्कर दुर्लक्ष केले, असे म्हणावे लागते.

खरा संघर्ष १९२९ मध्ये दिसतो. एव्हाना रोरर बाहेर पडून लॉनी ऑस्टिन आला होता. पूलला दोन फिडल आणि पियानो घेऊन वृंद वाढवावयाचा होता. कोलंबियाचे फ्रँक वॉकर यांना मात्र खपणारे त्रिकुटच हवे होते. अखेर हा विस्तारित वृंद ‘हायलँडर्स’ या नावाने पॅरामाउंट कंपनीकडे गेला. येथे नावीन्याची ओढ कलावंताला होती आणि जुनेपणाचा आग्रह व्यापाऱ्याचा होता. ध्वनिमुद्रिका पुरावा आहेच. परंतु कलावंताच्या रुचीचा जितका, तितकाच निर्मात्याच्या निवडीचाही.

आर्थिक मंदीत तबकड्यांची विक्री कोसळली. कोलंबियासाठीचे पूलचे शेवटचे मुद्रण १९३० मधले. पुढे हॉलिवूडच्या एका चित्रपटासाठी वाजविण्याचे बोलावणे त्याला आले होते, पण त्या आनंदात सुरू झालेले मद्यपान कित्येक आठवडे थांबले नाही, आणि २१ मे १९३१ रोजी वयाच्या ३९ व्या वर्षी तो मृत्यू पावला. हॅरी स्मिथ यांनी १९५२ मध्ये संपादित केलेल्या अमेरिकन लोकसंगीताच्या संग्रहात पूलचे ‘व्हाइट हाउस ब्लूज’ समाविष्ट झाले, तेही त्रिकुटाचेच.